पंखाचा तक्ता

काही वर्षांपूर्वी याच व्याख्यानमालेत आपल्या विस्मृत संशोधकांविषयी मी एक व्याख्यान दिले होते. ते त्या वर्षीच्या पुस्तिकेत छापूनही आले. त्यात एक परिच्छेद शिवकर बापूजी तळपदे यांच्यावर होता. राइट बंधूंच्या आठ वर्षे आधी, १८९५ साली, मुंबईच्या चौपाटीवर तळपदे यांनी 'मरुत्सखा' नावाचे विमान उडवले, असे मी ठामपणे सांगितले. श्रोत्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मीही सुखावून खाली बसलो. यंदाचे हे पुष्प गुंफताना मला त्या परिच्छेदाकडे परत जायचे आहे, आणि त्याला कारण एका मुलाने विचारलेला प्रश्न आहे.

मुलगा आपल्या बुऱ्हाणपूरचाच. वडील यंत्रमागाचे फिटर. त्याने पॉलिटेक्निकमधून यांत्रिकीची पदविका घेतली आहे आणि स्वतःच्या हातांनी एक माणूस बसेल असे छोटे विमान बांधायचे त्याच्या मनात आहे. एका संध्याकाळी दवाखाना बंद करायच्या वेळेला तो वही घेऊन आला. वहीत आराखडे होते, मोजमापे होती, लाकूड आणि कापड यांचा हिशेब होता. फक्त पंखाच्या पानावर जागा कोरी सोडलेली होती. तो म्हणाला, "डॉक्टरकाका, तुम्हीच सांगितलं होतं ना, चौपाटीवर आपलं विमान उडालं होतं? मग त्याच्या पंखाचे आकडे कुठं मिळतील? किती कोनाला किती उचल, आणि किती ओढ? तेवढं मिळालं की माझं पुढं सरकेल."

मी म्हणालो, "बघतो." आणि खरोखरच बघायला लागलो. त्या शोधात जे हाती आले, ते आज तुमच्यापुढे ठेवतो. मी वैद्यकातला माणूस, विमानविद्येतला नाही. पण औषधाच्या मात्रेत चूक झाली की काय होते ते मला ठाऊक आहे, आणि पंखाचे आकडे हाही शेवटी मात्रेचाच विषय आहे.

आधी तो मुलगा नेमके काय मागत होता ते समजून घेऊ. विमानाचा पंख करवतीने आडवा कापला, तर जो आकार दिसेल त्याला पंखाचा छेद म्हणू. इंग्रजीतून आलेला शब्द एअरफॉइल. वरची बाजू जास्त फुगीर, पुढची कड गोलसर, मागची कड सुरीसारखी. हा छेद वाऱ्याशी थोडा तिरपा धरला की वर उचलणारे बल निर्माण होते आणि मागे ओढणारेही. कोन वाढवत नेला तशी उचल वाढते. पण एका कोनानंतर हवा पंखाच्या पाठीला चिकटून वाहणे सोडते आणि उचल एकदम ढासळते. त्याला वैमानिक 'स्टॉल' म्हणतात. कोणत्या कोनाला किती उचल, किती ओढ आणि स्टॉल कुठे, हे सांगणारे आकडे म्हणजे पंखाचा तक्ता. आकार डोळ्यांना कितीही सुंदर दिसला तरी हे आकडे आकाराकडे बघून सांगता येत नाहीत. ते मोजावे लागतात.

मोजण्याची ही कहाणी अडीचशे वर्षांहून जुनी आहे. इंग्लंडमधील जॉन स्मीटन या अभियंत्याने १७५९ साली पवनचक्क्यांवरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. वारा सपाट फळीवर किती जोराने दाबतो, हे काढण्यासाठीचा एक गुणांक त्याच्या नावाने रूढ झाला. पौंड, चौरस फूट आणि ताशी मैल या मापांत तो ०.००५ धरला जाई. पवनचक्कीसाठी तेवढ्याने भागत होते, आणि पुढची शंभर-सव्वाशे वर्षे तोच आकडा एका पुस्तकातून दुसऱ्यात उतरत राहिला.

जर्मनीत ओटो लिलिएन्टाल याने पक्ष्यांचे पंख अभ्यासले, एका फिरत्या दांड्याच्या टोकाला बाकदार पत्रे बसवून त्यांवरची बले मोजली आणि १८८९ साली ती पुस्तकरूपाने छापली. बाक असलेला पंख सपाट फळीपेक्षा कितीतरी अधिक उचलतो, हे त्याने आकड्यांनी दाखवले. मग स्वतः ग्लायडर बांधून सुमारे दोन हजार वेळा टेकड्यांवरून झेपावला. ऑगस्ट १८९६ मध्ये असाच कोसळून तो गेला. पण त्याचा तक्ता मागे राहिला. तो छापलेला असल्यामुळे समुद्रापलीकडच्या लोकांच्याही हाती पडला.

ते लोक म्हणजे अमेरिकेतील डेटन गावचे सायकल दुकानदार, विल्बर आणि ऑर्विल राइट. त्यांनी लिलिएन्टालच्या तक्त्यावरून हिशेब करून १९०० आणि १९०१ साली ग्लायडर बांधले. १९०१ च्या ग्लायडरने हिशेबाच्या सुमारे एक तृतीयांशच उचल दिली. विल्बर खचला. त्याच सप्टेंबरात त्याला शिकागो येथे अभियंत्यांच्या संस्थेपुढे व्याख्यान द्यायचे होते, आणि त्यात त्याने जुन्या आकड्यांवर संशय व्यक्त केला.

आता पुढचा भाग नीट ऐका, कारण आपल्यासारख्या व्याख्याने छापणाऱ्या संस्थेला तो विशेष लागू आहे. राइट बंधूंच्या चरित्रात नोंद आहे की, व्याख्यान छापायला जाण्यापूर्वी ऑर्विलला धाकधूक वाटू लागली: आपण मेलेल्या माणसाच्या तक्त्याला चुकीचा म्हणतो आहोत, पण आपण स्वतः मोजले आहे कुठे? त्याने घाईघाईने एक लहान पेटी करून चाचणी घेतली, आणि छापील व्याख्यानातून अधिक कडक वाक्ये काढून टाकण्यात आली. मग दोघांनी मिळून सहा फूट लांब आणि सोळा इंच रुंद-उंच अशी लाकडी पेटी बांधली. एका टोकाला पंखा, तो दुकानातल्याच गॅस इंजिनवर फिरणारा. आत बल मोजण्याचा काटा. तो त्यांनी करवतीची पाती आणि सायकलचे आरे वापरून केला होता. १९०१ च्या शरदात, दोन-तीन महिन्यांत, त्यांनी शेकडो चाचण्या घेतल्या आणि निवडक छेदांचे पद्धतशीर तक्ते तयार केले.

निष्कर्ष काय निघाला? लिलिएन्टालचा तक्ता बऱ्याच अंशी बरोबर होता. चुकीचा होता तो स्मीटनच्या नावाने चालत आलेला गुणांक. तो ०.००५ नसून ०.००३३ च्या आसपास होता, म्हणजे सगळे जण उचल दीडपट धरत होते. दुसरी चूक राइट बंधूंची स्वतःची होती. लिलिएन्टालचे आकडे लांब-निमुळत्या पंखाचे होते आणि यांचा पंख २२ फूट लांब, ७ फूट रुंद, म्हणजे आखूड आणि रुंद होता. बाकही वेगळा होता. म्हणजे बरोबर तक्ता चुकीच्या पंखाला लावला होता. १९०२ च्या ग्लायडरचा पंख त्यांनी ३२ फूट लांब आणि ५ फूट रुंद केला, आणि तो हिशेबाप्रमाणे उडाला. १७ डिसेंबर १९०३ रोजी इंजिन लावलेले विमान बारा सेकंद आणि १२० फूट उडाले. त्या बारा सेकंदांमागे लाकडी पेटीतले ते तक्ते उभे होते.

राइटांच्या पेटीत पंखाचे नमुने बोटभर रुंद होते. हवेला मात्र लहान-मोठ्याचा फरक कळतो. पंखाची रुंदी, वेग आणि हवेचा चिकटपणा यांच्या प्रमाणाला रेनॉल्ड्स अंक म्हणतात. त्या बोटभर नमुन्यांचा हा अंक वीस-पंचवीस हजारांच्या घरात होता. सव्वा मीटर रुंदीच्या खऱ्या पंखाचा, ताशी शंभर किलोमीटर वेगाला, तो वीस लाखांच्या वर जातो. लहान पेटीत पातळ पंख चांगला ठरतो आणि जाड पंख वाईट. म्हणून सुरुवातीची बहुतेक विमाने पातळ पंखांची, बाहेरून तारांनी आवळलेली अशी होती. पॅरिसमध्ये मनोऱ्यामुळे प्रसिद्ध असलेल्या गुस्ताव्ह आयफेलने १९०९ पासून मोठ्या वातबोगद्यात मोजमापे घेऊन प्रसिद्ध केली. जर्मनीत ग्यॉटिंगेन येथे लुडविग प्रांटल याच्या संस्थेने शेकडो छेद मोजून त्यांना क्रमांक दिले आणि १९२१ पासून त्यांचे खंड छापले. मोठ्या बोगद्यात कळले की जाड पंखही उत्तम उचल देतो, आणि तो आतून मजबूत करता येत असल्यामुळे बाहेरच्या तारांची गरज उरत नाही.

प्रांटलचाच शिष्य माक्स मुंक अमेरिकेत गेला. तिथल्या विमानविद्येच्या राष्ट्रीय सल्लागार समितीने, म्हणजे 'नॅका'ने, त्याच्या कल्पनेवरून १९२० च्या दशकात एक वेगळाच बोगदा बांधला: पोलादी टाकीत वीस वातावरणांच्या दाबाची हवा. नमुना लहान, पण हवा वीसपट दाट, त्यामुळे रेनॉल्ड्स अंक खऱ्या पंखाजवळ पोहोचला. १९३३ साली ७८ छेदांचे आकडे एका अहवालात बाहेर आले. या छेदांची नावेच त्यांची कुंडली आहेत. 'नॅका २४१२' म्हणजे बाक रुंदीच्या २ टक्के, सर्वांत जास्त बाक पुढच्या कडेपासून ४० टक्क्यांवर, जाडी १२ टक्के. सेसना १७२ या जगभर दिसणाऱ्या छोट्या विमानाचा पंख याच छेदाचा. १९४५ साली या साऱ्या मोजमापांचा सारांश निघाला आणि १९४९ साली अ‍ॅबट आणि फॉन डोएनहॉफ यांनी तो ग्रंथरूपात दिला. घरी विमान बांधणारे लोक आजही आधी तोच ग्रंथ उघडतात. त्यातले बहुतेक आलेख गुळगुळीत पंखाचे आहेत. पण प्रत्येक छेदासाठी, पुढच्या कडेवर कार्बोरंडमचे बारीक कण चिकटवून मुद्दाम खडबडीत केलेल्या पंखाचीही एक रेघ दिली आहे. ती रेघ नेहमी खाली असते. धूळ बसलेला, किडे चिकटलेला खरा पंख त्या खालच्या रेघेच्या जवळचा असतो.

त्या मुलाच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर इथे मिळाले. दुसरे निम्मे राहिले: आपल्या विमानाचा तक्ता कुठे आहे?

मी शोधले. चौपाटीवरील उड्डाणाचा समकालीन, भरवसा ठेवावा असा पुरावा उपलब्ध नाही. पंखाचा छेद नाही, वजन नाही, इंजिनाची ताकद नाही, एका कोनाची एक नोंद नाही. ज्या ग्रंथाचा आधार सांगितला जातो, त्या 'वैमानिक शास्त्रा'चा अभ्यास बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच संशोधकांनी करून १९७४ साली प्रसिद्ध केला. मुकुंद, देशपांडे, नागेंद्र, प्रभू आणि गोविंदराजू ही त्यांची नावे. यांना संस्कृताचा द्वेष नव्हता. त्यांनी भाषा तपासली, हस्तलिखिताचा माग काढला आणि मग आकृत्यांना हवेचे नियम लावून पाहिले. ग्रंथ पंडित सुब्बराय शास्त्री यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचविशीत सांगून लिहवून घेतलेला; तो १९०४ पूर्वीचा असू शकत नाही, आणि त्यातली विमाने उडण्याजोगी नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष आहे. तळपदे यांनी केलेल्या प्रतिकृतींचाही त्यात उल्लेख येतो. त्या उडू शकल्या नाहीत, असे तो लेख सांगतो.

हे वाचून मी रात्री बराच वेळ जागा होतो. तळपदे यांच्याबद्दलचा आदर कमी झाला नाही. गुलाम देशातल्या एका माणसाला उडावेसे वाटले, त्याने हात चालवले, ही गोष्ट लहान नाही. पण मी त्यांच्याविषयी जे सांगितले ते मी तपासले नव्हते. मी ते दुसऱ्याच्या व्याख्यानात ऐकले होते. स्मीटनचा आकडा जसा पुस्तकातून पुस्तकात उतरला, तसेच हे. आणि आता एक पोरगा त्या वाक्याच्या आधाराने पंख बांधायला निघाला होता, ज्या पंखाखाली तो स्वतः बसणार होता.

शोधता शोधता एक मराठी नाव मात्र समोर आले, जे मी त्या व्याख्यानात घेतलेच नव्हते. विष्णू माधव घाटगे. कोल्हापूर जिल्ह्यातला १९०८ सालचा जन्म. मुंबई विद्यापीठातून पदवी घेऊन ते जर्मनीला गेले, ते थेट ग्यॉटिंगेनला, प्रांटल यांच्या हाताखाली. आणि १९३६ साली डॉक्टरेट मिळवून परतले. ज्या घरात पंखांचे तक्ते जन्मले, त्याच घरात हा कोल्हापूरकडचा माणूस शिकला. पुढे हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये आणि बेंगळुरूच्या विज्ञान संस्थेतील विमानविद्येच्या विभागात त्यांनी पायाभरणी केली. त्यांच्या नेतृत्वाखाली आराखडा झालेले 'एचटी-२' हे दोन आसनी प्रशिक्षण विमान ऑगस्ट १९५१ मध्ये उडाले. भारतात आखलेले आणि भारतात बांधलेले पहिले विमान ते हेच, आणि आपल्या वायुदलाचे कितीतरी वैमानिक त्यावर शिकले. 'किरण' हे जेट प्रशिक्षण विमानही त्यांच्याच चमूचे, १९६४ चे. १९६५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. विस्मृत संशोधक म्हणून मी कोणाबद्दल बोलायला हवे होते, ते आता तुमच्या लक्षात आले असेल. घाटगे यांच्या विमानाला पुराव्याची वाण नाही. ते विमान म्हणजेच पुरावा.

आणि घरी विमान बांधण्याचे म्हणाल, तर तेही मराठी माणसाने करून दाखवले आहे. वैमानिक अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या चारकोपमध्ये घराच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. आधीच्या दोन प्रयत्नांना यश आले नव्हते, हे तिसरे. २०१६ च्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात लोकांनी ते पाहिले. २०१७ साली नागरी विमान वाहतूक महासंचालनालयात त्याची नोंदणी झाली, २०१९ साली उडवून पाहण्याची परवानगी मिळाली, आणि २०२० मध्ये आपल्या शेजारच्या धुळ्याच्या धावपट्टीवरून ते उडाले. ज्या खानदेशातून आपल्या सुना येतात आणि जिकडे आपल्या लेकी जातात, तिथून.

पुढच्या खेपेला तो मुलगा आला, तेव्हा मी त्याला पहिल्यांदा माझी चूक सांगितली. तो क्षणभर गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे काका, आपल्याकडं काहीच नव्हतं?" मी म्हणालो, "आहे की. घाटगे आहेत. आणि तक्ते कोणा एका देशाचे नसतात. छापले की ते वाचणाऱ्याचे." मग आम्ही दोघांनी त्याच्या वहीतला हिशेब तपासला. तो इथे थोडक्यात देतो, कारण चूक कुठे लपते ते त्यातून कळते.

समजा, माणसासकट विमानाचे वजन ६०० किलो आणि पंखाचे क्षेत्रफळ १२ चौरस मीटर. तक्त्यात उचलीचा सर्वाधिक गुणांक १.५ दिसतो. समुद्रसपाटीवरच्या सामान्य हवेत, घनता १.२२५ धरून, विमान हवेत राहण्यासाठीचा किमान वेग येतो ताशी सुमारे ८३ किलोमीटर. त्याने वहीत हाच आकडा लिहिला होता. पण तक्त्यातला १.५ हा अमर्याद लांब, गुळगुळीत पंखाचा. खऱ्या पंखाला टोके असतात आणि टोकांपाशी उचल गळते. तिचा हिशेब प्रांटलने पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस मांडून दिला. त्यात घरच्या रंगकामाचा खडबडीतपणा मिळवा. गुणांक १.२ धरला तर किमान वेग ९३ होतो. आता मे महिन्यातले बुऱ्हाणपूर घ्या. समुद्रसपाटीपासून आपण सुमारे अडीचशे मीटर उंच, पारा पंचेचाळीसवर, हवेची घनता १.०८ च्या आसपास. वेग होतो ९९. ८३ आणि ९९ यांतला फरक कागदावर सोळा किलोमीटरचा आहे. पण ८५ च्या वेगाने जमीन सोडू पाहणाऱ्याला ते विमान उचलणारच नाही, आणि कसेबसे उचललेच तर हातभर उंचीवरून आपटेल.

मग आकडे कुठून घ्यावेत? अ‍ॅबट-डोएनहॉफचा ग्रंथ आहे. इलिनॉय विद्यापीठात मायकेल सेलिग यांनी दीड हजारांहून अधिक छेदांची मापे आणि कमी रेनॉल्ड्स अंकावरील चाचण्या जमवून सर्वांना खुल्या केल्या आहेत. एमआयटीचे मार्क ड्रेला यांनी १९८६ साली लिहिलेली 'एक्सफॉइल' ही संगणकप्रणाली कोणत्याही छेदाचे गणित करून देते. पण गणिताने आलेला स्टॉल बऱ्याचदा खऱ्यापेक्षा उजळ दिसतो, म्हणून मोजलेल्या आकड्याशी ताडून पाहिल्याशिवाय तो घेऊ नये. नवशिक्याने तर जुना, पुष्कळदा मोजलेला, कोन थोडा चुकला तरी हळुवार वागणारा छेदच घ्यावा.

तरीही तक्ता सगळे सांगत नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेत बर्ट रुटान याने घरी बांधता येतील अशी, पुढे लहान पंख असलेली विमाने आखली. त्या पुढच्या पंखासाठी ग्लासगो विद्यापीठात तयार झालेला छेद घेतला; त्याचे आकडे उत्तम होते. पण पाऊस लागला की त्या पंखाची उचल घटे आणि नाक खाली जाऊ लागे. ओल्या थेंबांनी पाठीवरचा हवेचा गुळगुळीत प्रवाह मोडत होता. पुढे जॉन रॉन्झ याने पावसातही तसाच वागणारा नवा छेद आखला आणि बांधणाऱ्यांनी पुढचे पंख बदलले. जुना तक्ता खोटा नव्हता. तो कोरड्या पंखाचा होता.

आम्हा जैनांना हे नवे नाही. आमच्याकडे कोणत्याही विधानाआधी 'स्यात्' म्हणावे, असे सांगितले आहे: अमुक अपेक्षेने, अमुक बाजूने पाहता, असे आहे. पुष्कळ लोक याचा अर्थ 'सगळेच खरे' असा काढतात. मीही एके काळी तसाच काढत असे आणि त्या आधारावर ऐकीव गोष्टीही खपवून घेत असे. पंखाच्या तक्त्याने मला त्याचा नेमका अर्थ दाखवला. या रेनॉल्ड्स अंकाला, या कोनाला, कोरड्या आणि गुळगुळीत पंखासाठी, उचल इतकी. अपेक्षा जितकी स्पष्ट लिहाल तितके विधान पक्के होते. अपेक्षाच लिहिली नाही, तर उरते ती फक्त टाळी.

हे लिहिताना स्वतःच्या व्यवसायाकडे न पाहणे अप्रामाणिकपणाचे होईल. होमिओपॅथीला पुरावा मागितला जातो, आणि मागणाऱ्यांवर आम्ही चिडतो. माझ्या एवढ्या वर्षांच्या दवाखान्यात बरे झालेले रुग्ण मला नावानिशी आठवतात. जे बरे झाले नाहीत, किंवा परत आलेच नाहीत, त्यांची मोजणी मी ठेवली नाही. लिलिएन्टालने न उचलणाऱ्या पत्र्यांचेही आकडे लिहून ठेवले होते. गेल्या दिवाळीपासून मीही एक वही घातली आहे. त्यात दोन्ही रकाने आहेत. उशीर झाला आहे, पण वही चालू आहे.

आपल्या गावाला हे समजायला अवघड जाऊ नये. लालबागकडचा कुंडी भंडारा आपण पाहुण्यांना हौसेने दाखवतो. १६१५ साली, अब्दुर्रहीम खानखानांच्या काळात, सातपुड्यातून झिरपणारे पाणी जमिनीखालून शहरात आणले गेले, पंपाशिवाय, केवळ उताराच्या जोरावर. जमिनीखाली कुंडीमागून कुंडी खोदत जायचे आणि उतार कुठे उलटा होऊ द्यायचा नाही, हे मोजल्याशिवाय होत नाही. ते पाणी चारशे वर्षे वाहिले. आपला अभिमान तिथे रास्त आहे, कारण कोणीही उतरून ते पाहू शकतो.

त्या मुलाने आता २४१२ हा छेद निश्चित केला आहे. प्लायवुडचे साचे कापले आहेत, दोन-चार आडव्या फासळ्या तयार आहेत, आणि पंखाचा एक तुकडा उलटा टांगून त्यावर वाळूची पोती रचून तो किती वाकतो ते मोजणे चालू आहे. आधी एखाद्या उड्डाण क्लबमध्ये रीतसर शिकल्याशिवाय आणि महासंचालनालयाची परवानगी मिळाल्याशिवाय जमीन सोडायची नाही, असे मी त्याच्याकडून वदवून घेतले आहे. वहीतले ते कोरे पान भरले आहे. वरच्या कोपऱ्यात त्याने आकडे कुठून घेतले ते लिहिले आहे, आणि खाली स्वतःच्या अक्षरात: गुळगुळीत, कोरडा.

वाचकहो, माझे ते जुने व्याख्यान ज्यांच्या कपाटात असेल, त्यांना एक विनंती आहे. ते पान काढा. चौपाटीवरच्या विमानाचे वाक्य पेन्सिलीने खोडा आणि समासात विष्णू माधव घाटगे, १९५१ असे लिहा. विल्बर राइटला आपले वाक्य छापण्यापूर्वी दुरुस्त करता आले. मला ते छापून झाल्यावर करावे लागत आहे. पर्युषणाच्या शेवटी आम्ही जे म्हणतो, ते मी या पानावरून तुम्हा सर्वांना म्हणतो. मिच्छामि दुक्कडम्.